बाईंसाठी ठेवलेला डोळा

“मावशी, बाईंसाठीचा डोळा ठेवलात का? अकराला तपासणी आहे.”

पॉलिशवाल्याने कारखान्याच्या बाजूच्या खिडकीतून नुसतं डोकं आत घातलं, विचारलं आणि उत्तराला न थांबता तो गेलासुद्धा. खोक्यांच्या रॅकमागे खुर्ची टाकून बसलेल्या बाई त्याला दिसल्या नाहीत. पॅकिंगच्या मावशींना मात्र त्या चांगल्या दिसत होत्या. मावशींचा एक हात चहाच्या जुन्या डब्यात होता, दुसऱ्या हातात बारा खणांचा ट्रे, त्यातले अकरा खण भरलेले. डब्यातला हात बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन बोटांत एक डोळा होता. तपकिरी, ओलसर चकाकीचा, आणि नेमका बाईंकडे बघणारा. बाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं ते इतकंच, की मावशींनी हातमोजे घातलेले नाहीत. मग, का कोण जाणे, आपण इथे बसलोय याचीच लाज वाटली, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरावं तशी. आणि घर म्हणजे हा कारखाना, तो तर त्यांचाच होता, एकोणीस वर्षं त्यांचा होता, या भिंतींचा रंगसुद्धा पसंत पडेना म्हणून त्यांनी तीनदा बदलून घेतला होता.

“कुणासाठीचा?” बाईंनी विचारलं.

“अगंबाई, तुम्ही आज इथे कशा?”

“मी काय विचारलं मावशी?”

“तुमच्यासाठीचा,” मावशी म्हणाल्या, आणि हाताच्या सवयीने त्यांनी तो डोळा बाराव्या खणात ठेवूनही दिला.

बाई तिथे बसल्या होत्या त्या सल्लागारीणबाईंच्या सांगण्यावरून. या सल्लागारीणबाई पूर्वी एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी लहानमोठ्या उद्योगांच्या मालकांना कारभारावरची मूठ जरा सैल करायला शिकवायचं काम धरलं होतं. “आधी मुलं सांभाळली, आता मालक सांभाळते. मुलं सोपी होती,” असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, आणि बाईंना हसू आलं नव्हतं. एका वर्षात तीन चांगले कारागीर सोडून गेले, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दुप्पट केली, तेव्हा कुठे बाई त्यांच्या दोन खुर्च्यांच्या खोलीत जाऊन बसायला तयार झाल्या. मागच्या आठवड्यात त्यांनी बाईंना एक काम दिलं. एक पूर्ण दिवस आपल्याच कारखान्यात पाहुण्यासारखं बसायचं. कशाला हात लावायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं. “बघतेच की रोज, दुसरं काय करते?” बाई म्हणाल्या. “बरं झालं, मग सोपंच आहे,” मुख्याध्यापिकेने वहीत काहीतरी लिहीत म्हटलं. बाईंनी पॅकिंगची खोली निवडली, कारण कारखान्यात बघण्यासारखं सगळ्यात कमी काय असेल तर ते तिथे, असं त्यांना वाटत होतं. तिथे डोळे येत ते तयार होऊन, ट्रेमध्ये लागत, आणि तपासणीनंतर कापसात गुंडाळून डब्यांत जात.

कृत्रिम डोळ्यांचा कारखाना होता तो. चौदा माणसं. दोन प्रकारचं काम चाले. एक मापाचे डोळे, म्हणजे रुग्ण स्वतः येणार, त्याच्या रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्याच्या दुसऱ्या डोळ्याशी जुळवून बुबुळ रंगवायचं, हे एकेकट्याचं काम. आणि दुसरे तयार डोळे, ठरावीक मापांचे, ठरावीक छटांचे, बारा-बाराच्या ट्रेमधून दवाखान्यांना जाणारे. पांढऱ्या भागावर केसाहून बारीक लाल रेशमाचे तुकडे चिमट्याने लावून शिरा करायच्या, बुबुळ रंगवायचं, वर पारदर्शक थर चढवायचा, मग पॉलिश. दर आठवड्याला त्या ट्रेची तपासणी बाई स्वतः करत. भिंगाखाली एकेक डोळा. जो नापास होई त्यासोबत त्या एक चिठ्ठी लिहीत, काय चुकलं त्याची, आणि तो लाल खोक्यात टाकत. दर वेळी एखादा तरी सापडेच. सापडला की त्यांना बरं वाटे. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मग उरलेले अकरा भराभर पास होत. अर्ध्या तासात नापास डोळ्याच्या जागी दुसरा येई, आणि आपल्या माणसांचा हात किती चलाख झालाय याचं त्यांना कौतुक वाटे.

“हा एकच असतो, बाई,” मावशी हळू आवाजात सांगत होत्या. “दर वेळी हाच. तुम्ही खोक्यात टाकता, रंगकामाचे काका काढून मला आणून देतात, मी डब्यात ठेवते. जागा तेवढी बदलते खणाची. बारावा खरा डोळा आदल्या दिवशीच तयार असतो.”

“किती दिवस?”

“सहा वर्षं होतील.”

“आणि सगळ्यांना ठाऊक आहे?”

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडे पॉलिशचं चाक फिरत होतं. “नवीन माणूस आलं की पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “कामच आहे ना ते.”

बाईंनी डब्यासाठी हात पुढे केला. मावशींनी तो पोटाशी धरला, मग दिला. आत चिठ्ठ्या होत्या. गळ्यापर्यंत भरलेल्या, गठ्ठ्यागठ्ठ्याने दोऱ्यात बांधलेल्या, सगळ्यांवर एकच अक्षर, त्यांचं स्वतःचं, उजवीकडे झुकणारं. “हे कशाला ठेवलं?” त्यांनी विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचेना. मावशींना प्रश्नाचंच नवल वाटलं. “काका म्हणाले, बाईंचं अक्षर आहे, केरात कसं टाकायचं.”

डबा घेऊन बाई आपल्या केबिनमध्ये आल्या. येताना कारखान्याच्या मधल्या वाटेने यावं लागलं. चाक फिरत होतं, गरम पाण्याच्या टाकीतून वाफ येत होती, मेणाचा तो ओळखीचा गोडसर वास होता, आणि दोन्ही बाजूंना माणसं खाली मान घालून कामात होती. ही सगळी माणसं. त्यांतल्या प्रत्येकाच्या लग्नाला, मुलाबाळांच्या आजारपणाला बाई गेल्या होत्या. त्यांतल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं, हे तुझं टेबल, हा तुझा चिमटा, आणि हा डोळा बाईंसाठी. जसं घरात एखादं आजारी माणूस असावं आणि नव्या सुनेला बाजूला घेऊन सांगावं, की त्यांच्यासमोर अमुक विषय काढू नको हं, त्यांना त्रास होतो. बाईंनी केबिनचं दार लावलं आणि चिठ्ठ्या सोडल्या. बुबुळ गडद. शीर जाड. चकाकी कमी. बाहुली किंचित डावीकडे. बुबुळ फिकट. त्यांनी पुन्हा मागे जाऊन पाहिलं. बुबुळ गडद. बुबुळ फिकट. दोन्ही आपलंच अक्षर, दोन्हींखाली आपली सही, आणि डोळा एकच. बाहुली किंचित डावीकडे, आणि पुढे कधीतरी, बाहुली किंचित उजवीकडे. शिरा फार. शिरा विरळ. एका चिठ्ठीवर तर ‘या डोळ्यात जीव नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कधी लिहिलं हे? कुठल्या दिवशी? त्या दिवशी घरी काय झालं होतं? त्यांना आठवेना. भिंगाखाली तो दोष आपल्याला दिसला होता, यात मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती. स्वच्छ दिसला होता. आत्ता समोरच्या टेबलाची कड दिसतेय तितका स्वच्छ. मग आता ही कड तरी आहे का? त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. होती.

रोज सकाळी कारखाना उघडण्याआधी याच खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा त्यांचा नेम होता. एकोणीस वर्षांत तो चुकला नव्हता, तापातसुद्धा. मागणं एकच असे, माझ्या हातून चूक होऊ देऊ नकोस. आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की त्या मागण्यात आपल्या हातांखेरीज दुसरे कुणाचे हात कधी आलेच नव्हते. चौदा माणसांच्या अठ्ठावीस हातांसाठी एक शब्द नाही. आणि ज्याच्याकडे मागत होतो तो ऐकत तरी होता का, की त्यानेही आपल्यासाठी एखादा डबा ठेवलाय? हा विचार आला आणि बाई दचकल्या, मनातल्या मनात त्यांनी कान पकडले.

त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. का लावला ते त्यांनाच कळलं नाही, पण धक्का बसला की त्यांचा हात त्याच्याकडेच जाई, लहानपणी रस्ता ओलांडताना जायचा तसा. तो सात वर्षांचा असताना आजारात त्याचा डावा डोळा काढावा लागला होता. आईने कुठल्याशा दुकानातून एक काचेचा डोळा आणला, ठळक तपकिरी, एका जागी थिजलेला. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या. जेवताना त्या समोर बसत आणि त्यांची नजर त्या डोळ्यावरून हलत नसे. तो हसला की एक डोळा हसे, एक नाही. तो झोपला की पापणी पुरती मिटत नसे आणि खालून ती काच चकाके. शेजारची मुलं त्याला ‘गोटी’ म्हणत. तो कधी रडला नाही, त्या रडायच्या. मोठं झाल्यावर मी याला खरा डोळा करून देईन असं त्या आईला म्हणाल्या, आणि पुढे सगळं शिक्षण, ही सगळी खटपट, हा कारखाना, त्या एका वाक्यातून निघाला. आजवर त्याला त्यांनी अकरा डोळे करून दिले होते.

“बोल ताई,” भाऊ म्हणाला. तो कुठेतरी चालत होता, धापा टाकत.

बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडून आधी दबलेलं, आणि मग न आवरलेलं हसू. “अरे हसतोस काय!”

“नाही गं, हसत नाही. म्हणजे, हसतोय. तुझ्या त्या काकांना माझा नमस्कार सांग.”

“मला इथे कापरं भरलंय आणि तुला...”

“ताई, ऐक. रागावू नकोस. माझ्याकडेपण ठेवलाय की एक तुझ्यासाठी.”

“काय ठेवलंय?”

“तू शेवटचा दिलास ना, अकरावा. तू येणार असलीस की तो घालतो. एरवी आपला तिसरा.” तो थांबला असावा, कारण धाप थांबली. “तोही तुझाच आहे गं. पण तो बसलाय आता माझ्यात. त्यानंतरचे सगळे... कसं सांगू, तू दर वेळी मला जरा जास्तच चांगला करतेस. आरशात बघितलं की वाटतं, हे कोण साहेब आले.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो होतो. पाचव्याला बोललो होतो. तू सहावा केलास.”

बाईंनी फोन ठेवला. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शिडी ओढत नेत होतं, तिचा खरखर आवाज लांब जाईपर्यंत त्यांनी ऐकला. आपल्याभोवती माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाने पाठीमागे काहीतरी धरलंय, असं त्यांना वाटत राहिलं. गेलेल्या नवऱ्यानेही धरलं असेल का? तो रोज संध्याकाळी कपबशी ओट्यावर चुकीच्या बाजूला ठेवायचा, आणि त्या रोज ती उचलून बरोबर बाजूला ठेवायच्या, आणि मग संध्याकाळ कशी बरी जायची. बावीस वर्षं. एवढा हुशार माणूस, त्याला ओट्याची बाजू कळत नव्हती? आता विचारायलाही तो नव्हता. धक्का कसा असतो, बाईंना वाटलं, तो पुढे जात नाही, मागे मागे जातो. आणि मागचं कुलूप लावून ठेवलेलं एकेक दार ढकलून बघतो. त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा दोऱ्यात बांधल्या, आणि या सगळ्या लाजेला, या अंगावर येणाऱ्या उघडेपणाला धरायला काहीतरी हवं म्हणून असेल, त्यांच्या मनात एक वाक्य तयार झालं. उद्यापासून येऊ नका. स्वच्छ, तीन शब्दांचं. काकांना बोलवायचं आणि एवढंच म्हणायचं. हे वाक्य हाती लागताच त्यांनी दार उघडून काकांना बोलावलं.

काका म्हणजे बुबुळं रंगवणारे. साठीचे, बारके, कानामागे कायम एक ब्रश. पहिल्या दिवसापासूनचे. कारखान्यात दोनच माणसं होती तेव्हा त्यांतले एक बाई आणि दुसरे ते. ते आत आले, टेबलावरचा डबा पाहिला, आणि कानामागचा ब्रश काढून खिशात ठेवला, देवळात चपला काढाव्या तसा.

“बसा.”

“नको, उभाच बरा.”

“का केलंत काका?”

काकांनी विचार केला. खोटं बोलायचा विचार नव्हता तो, कुठून सुरुवात करावी याचा होता. “पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं केलं. चुकून गेला होता तो ट्रेमध्ये. शिकाऊ हाताचा होता, बाहुली जरा सरकलेली. तुम्ही पकडलात. आणि मग इतक्या खूश झालात, की बाकीचे अकरा हातसुद्धा न लावता पास केलेत. सगळ्यांना चहा सांगितलात. आठवत नसेल तुम्हाला. तुम्ही त्या दिवशी हसला होतात.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी बारातले सात-आठ परत यायचे. वरचा थर घासायचा, बुबुळ उघडं करायचं, आणि मग तुम्ही स्वतः ब्रश घेऊन बसायचात.”

“बसायचे. चांगले व्हायचे ते.”

काकांनी टेबलावरचा डबा जरा सरळ ठेवला.

“चांगले व्हायचे नाहीत?”

“व्हायचे,” काका म्हणाले. “पण सारखे व्हायला लागले होते, बाई. तुमचा एक तपकिरी आहे. हिरवट छटा असो, घारी असो, राखी असो, तुमचा हात फिरला की त्यात तो तपकिरी यायचाच. ट्रेकडे बघितलं की वाटायचं, सगळी एकाच घरातली माणसं.”

बाईंना तो तपकिरी कुठला ते लगेच कळलं. दुकानातून आणलेल्या त्या थिजलेल्या डोळ्याचा नव्हता तो. दुसरा होता, भावाचा जिवंत, हसणारा, उजवा. ते वाक्य अजून जिभेवर होतं. त्यांनी ते म्हणायला तोंड उघडलं, आणि निघाला तो भलताच प्रश्न, थोडासा भांडखोर, लहान मुलीच्या आवाजातला. “मग तुमचे? या सहा वर्षांत मी न बघता गेलेले, तुमचे एवढे डोळे? ते बरे बसले का लोकांना? कसे दिसले?”

“ते मला कसं ठाऊक असणार?”

“म्हणजे?”

“बाई, मी कधी पाहिलाय?” काकांच्या आवाजात तक्रार नव्हती, गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं ते सांगत होते. “तयार डोळे डब्यांतून बाहेरगावी जातात. आणि मापाच्या माणसांना तुम्ही आत नेता आणि दार लावता. माझ्याकडे फोटो येतो, तुमची छटांची टिपणं येतात. त्यावरून रंगवतो. डोळा जातो. माणूस मागच्या जिन्याने जातो. एकोणीस वर्षांत माझा डोळा माणसाच्या चेहऱ्यात बसलेला मी एकदाही पाहिलेला नाही.”

हे बाईंना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? नियम त्यांचाच होता. रुग्ण आधीच अवघडलेला असतो, चार माणसांनी बघू नये, म्हणून बसवायच्या खोलीत फक्त आपण. किती बरोबर वाटे तो. मोठ्या मनाचा. आणि त्या बंद खोलीत काय घडे ते त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आरसा हातात दिला की माणूस आधी बघायचाच नाही. मग बघायचा. मग कुणी हसे, कुणी हमसून रडे, एक म्हातारे गृहस्थ तर उठून आरशातल्या स्वतःला नमस्कार करू लागले होते. आणि मग सगळे वळत ते बाईंकडे. बाईंचे हात हातात घेत. कपाळाला लावत. देव तुमचं भलं करो, तुमच्या हातांना यश येवो. रेशमाचे धागे मोजून लावणारी, मेण ओतणारी, चाकावर बोटं झिजवणारी चौदा माणसं भिंतीपलीकडे खाली मान घालून बसलेली असत आणि इकडे त्या सगळ्यांचे आशीर्वाद एकटीच्या पदरात पडत. बाईंनी ते घेतले होते. दर वेळी. कधी अर्धा मोडून बाहेर नेला नव्हता, की ऐका रे, आज एक म्हातारे असं म्हणाले. त्यांना वाटे, कामाच्या वेळात गप्पा नकोत. लोक माझ्यापासून एक डोळा लपवत होते, त्या मनाशी म्हणाल्या, आणि मी यांच्यापासून सगळे चेहरे लपवले. उद्यापासून येऊ नका, हे वाक्य अजून होतं, पण ते आता नेमकं कुणाला म्हणायचं ते त्यांना कळेना.

“चारला त्या पोहणं शिकवणाऱ्या बाई यायच्या आहेत,” काका म्हणाले. त्यांना जायचं होतं. “त्यांचा डोळा काढून ठेवतो. बघून घ्याल.” दाराशी जाऊन ते वळले. “मापाच्या डोळ्यांचं आम्हाला काही करता येत नाही. तिथे एकच डोळा असतो.” यात विनोद असावा असं बाईंना खूप उशिरा, रात्री घरचा जिना चढताना वाटलं.

पोहणं शिकवणाऱ्या बाईंची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा बाईंनी बसवायच्या आधी डोळा पाहून त्यांना परत पाठवलं होतं, आठ दिवसांनी या म्हणून. पस्तिशीची, रुंद खांद्यांची बाई, एका डोळ्यावर कापडी पट्टी. सोमवारपासून तिला पुन्हा तलावावर रुजू व्हायचं होतं. “आज तरी बसवणार ना हो?” ती म्हणाली. “आता पट्टीने नाही जायचं मला. पोरं ‘समुद्री चोर, समुद्री चोर’ करतात आणि पाय मारायचे सोडून माझ्याकडे बघत बसतात. एखादं बुडायचं.” ती हसली, पण तिचे पाय खुर्चीखाली एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग त्या बाहेर गेल्या आणि रंगाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“काका, चला.”

“कुठे?”

“आत.”

चाकापाशी पॉलिशवाल्याने चाक बंद केलं. मग काका उठले आणि हात धुवायला गेले, आणि आले, आणि परत धुवायला गेले.

“हे आमचे रंगकाम करणारे,” आत आल्यावर बाई म्हणाल्या. “तुमचा डोळा यांनी केलाय.”

“अय्या, मला वाटलं तुम्ही करता!”

“नाही. मी नाही.” एवढं बोलायला वेळ लागला.

काकांनी डबी उघडली. डोळा तळहातावर घेतला. आणि मग एकोणीस वर्षांच्या सवयीने तो तळहात बाईंसमोर धरला. खिडकीतून दुपारचा सरळ उजेड त्यावर पडला होता. राखी बुबुळ, आतून बाहेर येणाऱ्या बारीक रेघा, कडेला गडद वर्तुळ. बाईंना दिसलं की ते वर्तुळ किंचित फिकट आहे. स्वच्छ दिसलं. हात आपसूक पुढे झाला. आठ दिवसांचं काम, वरचा थर घासून, कडेने एक हात फिरवून. आणि त्याच क्षणी चिठ्ठ्यांवरचं ते झुकतं अक्षर आठवलं, गडद, फिकट, गडद, आणि हात हवेत तसाच राहिला. खरंच फिकट आहे का? त्यांनी पुन्हा पाहिलं. फिकट आहे. आणखी एकदा पाहिलं. आता कळेना. एवढी वर्षं जिच्यावर सगळा भार टाकून चाललो ती नजर आज पाय घसरावा तशी घसरत होती, आणि धरायला जवळपास काही नव्हतं, समोर फक्त हा माणूस होता, तळहात पुढे करून, श्वास रोखून. आणि खुर्चीतली ती बाई, पट्टी काढून बसलेली, एका बाजूची रिकामी पापणी मिटलेली, दुसरा राखी डोळा आळीपाळीने दोघांवर. फिकट असेल तर? सोमवारी तलावावर मुलं हसली तर? ते कुणाच्या माथी? काय करायचं ते बाईंना कुणीही सांगितलं नाही. सकाळी ज्याच्याकडे मागतो त्यानेही नाही.

“वरची पापणी उचला आधी,” बाई म्हणाल्या. त्यांना आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “वरची कड आत सरकवा. हं. आता खालची पापणी अलगद ओढा. तो आपोआप बसतो.”

“दुखेल का त्यांना?” काकांनी विचारलं.

“अहो, मलाच विचारा की,” पोहणं शिकवणारी म्हणाली. “नाही दुखत. करा तुम्ही.”

काका पुढे वाकले. बाई कोपऱ्यात, औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या होत्या आणि तिथून काकांची फक्त पाठ दिसत होती, मळकट एप्रनची गाठ, बारकी मान. त्या पाठीआड काय झालं, बसला की नाही, नीट बसला की नाही, वर्तुळ चेहऱ्यात कसं दिसतंय, त्यातलं काहीही त्यांना दिसत नव्हतं. एक पाऊल बाजूला सरकलं असतं तर दिसलं असतं. पोटऱ्यांत त्या पावलाची ओढ इतकी होती की त्यांनी मागे हात नेऊन कपाटाची मूठ धरली.

“झालं? बसला?” खुर्चीतून आवाज आला. “कसं दिसतंय हो, बाई?”

एकोणीस वर्षांचं तयार उत्तर बाईंच्या तोंडात आलं. त्यांनी ते गिळलं आणि काकांच्या पाठीकडे पाहिलं. काकांच्या हातात आरसा होता, तो द्यायचं त्यांना सुचत नव्हतं. आरशाची मागची काळी बाजू बाईंकडे होती.

“काका?” ती बाई म्हणाली. “कसं दिसतंय?”

“थांबा हो,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बाईंनी कधी ऐकलाच नव्हता असा होता. “जरा थांबा. मला नीट बघू द्या.”